टेडीच्या आत मी होते

वाढदिवसाच्या हॉलमध्ये, बागेत, एखाद्या नव्या दुकानाच्या उद्घाटनाला तुम्ही ते पाहिलं असेल. मोठ्या डोक्याचं, गुबगुबीत पोटाचं तपकिरी अस्वल. ते लेकरांशी हात मिळवतं, गाण्यावर डुलतं, फोटोला उभं राहतं. आमच्याकडं सगळे त्याला टेडी म्हणतात. मग ते अस्वल असो, ससा असो की उंदीर. त्याच्या आत कोण आहे हा प्रश्न मोठ्या माणसांना सहसा पडत नाही. पडलाच तर असेल कुणीतरी पोरगा, असं म्हणून ती पुढं जातात. परभणीला जिंतूर रोडवरच्या गंमतबागेत काही वर्षं त्या अस्वलाच्या आत मी होते. भिक्षुकाची बायको, लग्नाला आलेल्या मुलीची आई.

गंमतबाग म्हणजे फार मोठं काही नव्हे. गोल फिरणारी झुकझुक गाडी, रंगीत चेंडूंचा हौद, पाळणे, संध्याकाळी लागणारं कारंजं, भेळेची गाडी, आणि मधोमध हवेचा किल्ला. किल्ला म्हणजे जाड रबरी कापडाचा फुगा. मागून मोटर सतत हवा भरते म्हणून तो उभा राहतो आणि लेकरं त्यात उड्या मारतात. रविवारी शहरातली मंडळी येत. सुट्ट्या लागल्या की गावाकडची येत. सकाळी दवाखाना नाहीतर कापडखरेदी, दुपारी कुणा नातलगाकडं जेवण आणि ऊन उतरलं की लेकरांना गंमतबाग, असा त्यांचा बेत असे. बागेचे मालक मुनीरभाई. तिकिटाच्या खिडकीवर बाईमाणूस असलं तर आयाबाया बिनघोर येतात, असं त्यांचं मत. आमच्या गुरुजींचं, म्हणजे माझ्या यजमानांचं, त्यांच्याकडं काही कामानिमित्त जाणं झालं आणि खिडकीवर मी बसू लागले. गुरुजींनी नाही म्हटलं नाही. तिकीट देण्यात काय कमीपणा, असं ते चारचौघांत म्हणत. पण चारचौघांत ते म्हणावं लागे, यातच काय ते आलं.

टेडीचं काम तेव्हा पेडगावचा दत्ता करायचा. तिशीतला, दोन लेकरांचा बाप. दिवाळी झाली की बायकोलेकरांसह ऊसतोडीला जायचा. एका वर्षी टोळी लवकर निघाली आणि दत्ता ऐन दिवाळीच्या सुट्टीत गेला. बाग गच्च भरलेली. लेकरं विचारतायत, टेडी कुठाय? मुनीरभाई खिडकीपाशी येऊन हात जोडून म्हणाले, “वैनी, मर्दमाणूस एक बी मोकळा न्हाई. आजच्या दिवस मेहरबानी करा. डोकं घातल्यावर खुद खुदा बी वळखायचा न्हाई.”

मी साडी खोचली आणि त्या पोशाखात शिरले.

आत कसं असतं ते सांगते. डोकं स्पंजाचं. दिसतं ते अस्वलाच्या तोंडातल्या काळ्या जाळीतून, तेही समोरचं तेवढंच. चष्मा घालता येत नाही, श्वासाने धुकं धरतो. त्यामुळं मला माणसं अंधुक रंगांची दिसत आणि मी त्यांना आवाजावरून ओळखत असे. डोक्याला सुती फडकं घट्ट बांधायचं, नाहीतर घाम डोळ्यांत उतरतो. परभणीच्या उन्हाळ्यात आत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. दत्ताने जाण्याआधी चार गोष्टी सांगून ठेवल्या होत्या, त्या मुनीरभाईंनी मला सांगितल्या. टेडी बोलत नाही. लेकरांपुढं डोकं काढायचं नाही, काही झालं तरी. आणि रडणाऱ्या लेकराकडं जायचं नाही. त्याच्याकडं पाठ करून खाली बसायचं. थोड्या वेळाने ते आपणहून येतं आणि पाठीला बोट लावून बघतं.

हे शेवटचं पहिल्याच दिवशी खरं ठरलं. पाठीला बोट लागलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग गाणं लागलं, लेकरांनी माझा पंजा धरला, आणि मी नाचले.

लाज वाटते ती इथून सुरू होते. मुनीरभाईंनी एक दिवसासाठी विनवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः विचारलं, “टेडी आज कोण करायलंय?” मला नाचायला आवडलं होतं. माहेरी कधी नाचले नाही, सासरी तर मंगळागौरीच्या फुगड्यांतही सासूबाई “बास आता” म्हणायच्या. इथं दिवसाढवळ्या, भर बागेत, सिनेमाच्या गाण्यांवर मी कंबर हलवत होते आणि कुणाला पत्ता नव्हता. दत्ता परत आला तरी रविवारी त्याच्याकडून पोशाख मागून घ्यायचे. घरी मात्र सांगितलं नाही. गुरुजी विचारायचे, “आज गर्दी होती का?” मी म्हणायचे, “होती.” तेवढंच.

लोकांचे नाना तऱ्हेचे अनुभव आले. बोरीची एक चिमुरडी माझ्या मांडीवर चढली, जाळीला डोळा लावून तिने आत पाहिलं आणि ओरडली, “आई गं, ह्याच्या आत बाई हाय! तिनं टिकली लावलीय!” आई म्हणाली, “गप बस, अस्वल हाय ते.” पोरगी खाली उतरेपर्यंत मी डोळे मिटून बसले. एकदा एका बऱ्या घरच्या माणसाने फोटोसाठी म्हणून माझ्या कमरेला हात घातला आणि मित्रांना हसवायला नको तसे चाळे केले. त्याच्या लेखी आत पोरगाच होता. मला ओरडता येईना, कारण लेकरं भोवती होती. त्या दिवशी पोशाखाच्या खोलीत मी बराच वेळ बसून राहिले. मुनीरभाईंना सगळं सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की टेडीबरोबर कुणीतरी असलेलं बरं. त्यांनी त्या दिवसापासून राखणदाराला काठी घेऊन माझ्या मागं फिरायला लावलं. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही.

आणि ते चुडाव्याचे आजोबा. रेल्वेने आलेलं शेतकरी कुटुंब. नातवाचा वाढदिवस, नवं टोपडं. आजोबांनी मला न्याहाळलं, धोतराचा सोगा सावरला आणि एकदम वाकून माझ्या पायाला हात लावला. मुलगा हसायला लागला. “आबा, काय करायलाव? बाहुलं हाय ते.”

“असंल,” म्हातारा म्हणाला. “पण जांबुवंताचं रूप हाय की न्हाई?”

गुरुजींची बायको म्हणून माझ्या पाया पडणारे पुष्कळ. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्या स्पंजाच्या पायात माझा पाय आखडला. मी आशीर्वादाला पंजा उचलला, पण तो त्यांच्या डोक्यावर ठेवायचा धीर झाला नाही.

आता मुक्ताची गोष्ट. मुक्ता माझी एकुलती एक. बँकेत लागली. सेलूचं एक स्थळ आलं, शिकलेलं, चांगलं घर. मुलगा अनंत कॉलेजात शिकवतो. मुलामुलीची पसंती झाली, सुपारी फुटली. होणाऱ्या विहीणबाई शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. बोलणं नेमकं, साडी कडक. मी गंमतबागेत तिकिटं देते एवढं त्यांच्या कानावर होतं. त्याबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. टेडीचं घरात फक्त मुक्ताला ठाऊक होतं. एकदा माझी ओली फडकी धुताना तिने विचारलं आणि माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही. ती खूप हसली. “नाचून दाखव ना,” म्हणाली. मी तिला दटावलं, “कुणाला सांगशील तर बघ.”

एका रविवारी मी अस्वलाच्या आत असताना ओळखीचा आवाज ऐकला. विहीणबाईंचा. लग्नाच्या साड्या घ्यायला त्या परभणीला आल्या होत्या. बरोबर मुलगी वर्षा आणि वर्षाचा चार वर्षांचा ओजस. मी पोशाखाच्या खोलीकडं सटकणार, तोच ओजस धावत आला आणि त्याने माझ्या पोटाला मिठी मारली. सोडेचना. मला घेऊन तो आजीपाशी गेला. आजी बाकावर बसली होती. मी शेजारी उभी, माझा पंजा ओजसच्या हातात.

“बरं झालं बाई, आज खिडकीवर दुसरीच मुलगी आहे,” विहीणबाई म्हणाल्या. “त्या असत्या तर त्यांच्याकडनं तिकीट घ्यायचं का नमस्कार करायचा, काही सुचलं नसतं.”

“आई, हळू,” वर्षा म्हणाली.

“कोण ऐकायलंय? हे अस्वल?” त्या म्हणाल्या. “मुलगी लाखात एक आहे, त्याबद्दल बोलणंच नाही. पण लोक विचारतात गं, मुलीची आई काय करते. भिक्षुकाच्या घरची बाई बागेत तिकिटं फाडते, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? अनंतच्या कॉलेजातले लोक येतील लग्नाला.”

कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. त्या दुष्टपणे बोलत नव्हत्या, हे आवाजावरून कळत होतं. खरोखरच काळजीत होत्या. मला राग यायला हवा होता. पण मनात आलं ते एवढंच की, बाई, तिकिटंच फाडत असते तर!

ओजसला किल्ल्यात जायचं होतं. वर्षाने त्याला आत सोडलं. मी हायसं वाटून वळले आणि तेवढ्यात लाईट गेली.

लाईट गेली की किल्ल्याची मोटर बंद पडते. जनरेटर लगेच लावतात, फारसं काही होत नाही. त्या दिवशी जनरेटर चालूच होईना. किल्ल्याचे बुरुज आधी वाकले, मग भिंती बसायला लागल्या. राखणदार आणि झुकझुक गाडीवाला दोघांनी तोंडाशी कापड खांद्यावर उचलून धरलं. लेकरं रडत, एकमेकांना तुडवत बाहेर यायला लागली. आया आपापलं लेकरू ओढून घेत होत्या. सगळी आली. ओजस आला नाही.

“ओजस!” वर्षा किंचाळली. ती आत शिरायला बघत होती, पण कुठल्या बाजूला जायचं तिला कळत नव्हतं. मला ते कळत होतं. रोज सकाळी तो किल्ला आतून मी झाडत असे. मागं घसरगुंडी आहे, तिच्या पाठीमागं एक कोनाडा. घाबरलेलं लेकरू तिथं जाऊन बसतं. कापड वर पडलं की तिथून वाट सापडत नाही.

डोकं घालून आत जाणं शक्य नव्हतं. मी अस्वलाचं डोकं काढलं, तिथंच मातीत ठेवलं, पंजे फेकले आणि पोटावर सरपटत आत गेले.

आत अंधार, रबराचा उग्र वास, अंगावर जड तापलेलं कापड. डोक्याने ते उचलत मी पुढं सरकत होते. “ओजस, सोन्या, कुठं हायस रे?” उत्तर नाही. मग हुंदका ऐकू आला. कोनाड्यातच होता. माझा हात त्याच्यापर्यंत पोचला, त्याने चाचपला, केसाळ बाही हाताला लागली आणि तो म्हणाला, “टेडी?”

“हो रे राजा, टेडी,” मी म्हणाले. सगळ्या काळात टेडी तेवढा एकदाच बोलला.

त्याने गळ्याला मिठी मारली. मी त्याला पोटाशी धरून उलटी सरपटत बाहेर आले. वर्षाने त्याला उचलून घेतलं. लेकरू घामाने चिंब झालं होतं, पण धड होतं. मग त्याने माझ्याकडं पाहिलं. अस्वलाच्या धडावर बाईचं तोंड. आणि पलीकडं मातीत टेडीचं डोकं. किल्ल्यात रडला नसेल एवढा तो रडायला लागला. “टेडीचं डोकं तोडलं! तिनं तोडलं!” त्याचं बघून बाकीची लेकरं रडायला लागली. भोवती सगळी माणसं गोळा झालेली.

“सुमनताई?” विहीणबाई म्हणाल्या.

माझं फडकं आत कुठंतरी गळून पडलं होतं. केस सुटलेले, कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं. तुमचा नातू सुखरूप आहे, असं काहीतरी मी म्हणायला हवं होतं. मी खाली वाकले, डोकं उचललं आणि पुन्हा घातलं. लेकरांसाठी घातलं असं मी पुढं मुनीरभाईंना सांगितलं. ते खरं नाही. मला तोंड लपवायचं होतं. आतून मी लेकरांकडं हात हलवला. पंजा नव्हता, बांगड्या घातलेला माझाच हात होता. मुनीरभाई धावत आले आणि दंडाला धरून मला हळूच तिथून घेऊन गेले.

घरी गेल्या गेल्या गुरुजींना सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. ते संध्येला बसायच्या तयारीत होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “नाचायचीस?”

“हो.”

“कशावर?”

“लावतील त्या गाण्यावर.”

ते बराच वेळ पळीशी चाळा करत राहिले. “यजमानांची लेकरं तिथं येतात,” म्हणाले. “कुणी विचारलं तर मी काय सांगू?”

“खरं ते सांगा.”

“ते तूच मला सांगितलं न्हाईस, सुमन.”

आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई आल्या. सेलूला न जाता नातलगांकडं मुक्कामाला राहिल्या होत्या. हातात पेढे. नातवाचे प्राण वाचवलेत वगैरे म्हणाल्या. मी म्हणाले, “तसं काही न्हाई, कापडाखाली थोडी हवा राहते. घाबरला होता फक्त.” चहा झाला. पण त्या उठेनात. कपाची कड पुसत बसल्या. शेवटी म्हणाल्या, “काल मी बाकावर बसले होते, तेव्हा तुमी जवळच होतात.”

“होते.”

“मी वर्षाशी काही बोलत होते.”

त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून, चष्म्यातून पाहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला त्यांची दया आली, आणि दया आल्याची लाजही वाटली. “आतून काही ऐकू येत न्हाई हो,” मी म्हणाले. “कानापर्यंत स्पंज असतो.”

त्यांनी विश्वास ठेवला की नाही, देव जाणे. “हो का,” म्हणाल्या आणि उठल्या. दारात चपला घालताना माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “लग्नघरात हा विषय निघायला नको, न्हाई का?”

“कशाला निघेल,” मी म्हणाले.

त्या आठवड्यात मी मुनीरभाईंना सांगितलं की यापुढं खिडकीवरच बसेन. त्यांनी वाद घातला नाही. “लेकरं याद करतील वैनी,” एवढंच म्हणाले. पुढं, लग्नाआधीच, गुडघे दुखायला लागले आणि खिडकीही सुटली. पण पोशाख सोडला तो गुडघ्यांमुळं नव्हे. आता वाटतं, शेवटचा दिवस शेवटचा म्हणून तरी नाचून घ्यायला हवा होता.

लग्न थाटात झालं. गुरुजींनी स्वतः अंतरपाट धरला. जेवणं झाल्यावर विहीणबाई मला त्यांच्याकडच्या बायकांची ओळख करून देत होत्या. प्राध्यापकांच्या बायका, कुणी डॉक्टर, नागपूरच्या एक आत्याबाई. “या आमच्या विहीणबाई,” त्यांनी माझा हात धरून सांगितलं. “परभणीच्या मोठ्या बागेत व्यवस्थापक होत्या.”

आत्याबाई म्हणाल्या, “अरे वा! म्हणजे सगळी बाग तुमीच बघत होता?”

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. विहीणबाईंच्या हाताची पकड किंचित घट्ट झाली.

“हो,” मी म्हणाले.

पाठवणीच्या वेळी मुक्ताने मिठी मारली. डोळे पुसत होते, तोच ती कानाशी म्हणाली, “आई, तू हो का म्हणालीस?”

“तुझ्यासाठी गं.”

“माझ्या बँकेतल्या सगळ्यांना मी सांगितलंय. माझी आई टेडी होती, किल्ल्यात सरपटत गेली, सगळं. अनंतलाही सांगितलंय. बँकेतल्या मैत्रिणी तुझ्या मागंच उभ्या होत्या. तुला भेटायला थांबल्या होत्या.” तिचा आवाज कापत होता, पण रडण्याने नव्हे. “त्यांनी ऐकलं, आई.”

वर्षाने तिला गाडीत बसवलं. मी मागं वळून पाहिलं. तीन-चार मुली मांडवाच्या खांबाशी उभ्या होत्या. माझी नजर जाताच त्या कसंनुसं हसल्या आणि फुलांच्या माळांकडं बघायला लागल्या.

गाडी सुरू झाली. नागपूरच्या आत्याबाई पदराने वारा घेत शेजारी येऊन उभ्या राहिल्या. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, “मग, किती माणसं होती हो तुमच्या हाताखाली?”

“एकही नाही,” मी म्हणाले. “मी व्यवस्थापक नव्हते. तिकिटं द्यायची. आणि रविवारी टेडी व्हायची. अस्वल. त्याच्या आत शिरून नाचायची.”

हे मी चांगलं मोठ्याने म्हणाले. आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या, मग खो खो हसल्या. “विनोदी आहात हां तुमी!” म्हणाल्या.

मुक्ताची गाडी तोवर कोपऱ्यावरून वळली होती.